रक्ताचे नाते, म्हणे!

'रक्ताचे नाते' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. लग्नाच्या याद्या करायला बसले की तो निघतो, वडिलोपार्जित खोलीच्या वाटणीचा विषय आला की तो निघतो, आणि कुणी इस्पितळात पडले की शेजारच्या वहिनी "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं!" असे म्हणून एक उसासा टाकतात. मी स्वतः चोवीस वर्षे शाळेत मराठी शिकवते आहे. या शब्दाचा वाक्यात उपयोग मी मुलांकडून किती वेळा करून घेतला असेल, त्याची गणतीच नाही. पण हे नाते रक्तात नेमके कुठे असते, असे एकाही चौकस विद्यार्थ्याने मला कधी विचारले नाही. विचारले असते, तर "खाली बस" याखेरीज माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता आहे. निदान आमच्या घरापुरते तरी ते नाते तांबड्या रक्तपेशीच्या अंगावर, एका प्रथिनाच्या ४६ व्या जागेवर बसलेले आहे. त्या प्रथिनाचे नाव सीडी ४४. नाव ऐकून रेल्वेच्या डब्याचा नंबर वाटतो खरा. पण त्यात आश्चर्य नाही. पेशींच्या अंगावरच्या या खुणांना जो तो आपापल्या प्रयोगशाळेत आपल्याला हवी ती नावे देऊ लागला, तेव्हा १९८२ साली पॅरिसला शास्त्रज्ञांची बैठक भरली आणि नावांऐवजी सरळ क्रमांक देण्याची पद्धत पडली. आमच्या शाळेत एकाच वर्गात चार संकेत आणि तीन स्नेहल आल्यावर आम्हीही हजेरी क्रमांकच पुकारतो, त्यातलाच हा प्रकार.

या प्रथिनाशी माझी ओळख झाली ती २०२३ च्या श्रावणात. माझे वय तेव्हा एकोणपन्नास. गर्भाशयात गाठी होत्या, अंगावरून फार जात होते, आणि हिमोग्लोबिन आठावर आले होते. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया सुचवली आणि रक्ताची सोय करून ठेवायला सांगितले. माझा गट बी पॉझिटिव्ह. मुंबईत हा गट म्हणजे पैशाला पासरी. त्यामुळे आमच्या घरात शस्त्रक्रियेची काळजी होती, डब्याची काळजी होती, गौरी-गणपतीत माझ्या जागी मोदक कोण वळणार याचीही काळजी होती. रक्ताची मात्र कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला. माझ्या रक्ताशी सहा पिशव्या जुळवून पाहिल्या होत्या आणि सहाही जुळत नव्हत्या. मग आमच्या चिरंजीवांनी आपले मित्र गोळा करून नेले. त्या पोरांपैकी बी पॉझिटिव्ह पाचजण निघाले, पण जुळला एकही नाही. शेवटी चिरंजीवांनी स्वतःची बाही वर केली. त्याचाही गट बी पॉझिटिव्ह. तेही रक्त जुळेना. घरी येऊन तो पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "आई, माझंसुद्धा चालत नाही तुला?" त्याच्या स्वरात जो रुसवा होता, तो तो पाच वर्षांचा असताना मी त्याच्या हातचा उष्टा लाडू नको म्हटल्यावर ऐकला होता, त्यानंतर तेव्हाच.

रक्तपेढीतल्या डॉक्टर वयाने माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या होत्या. त्यांनी मला बोलावून समोर बसवले आणि म्हणाल्या, "काकू, घाबरू नका. तुमच्या रक्तात दोष काही नाही. ते फक्त फार निवडक आहे." हे वाक्य ऐकताच आमचे हे माझ्याकडे असे काही पाहू लागले, की जणू पंचवीस वर्षांच्या संसारातली एक शंका आज शास्त्राने खरी ठरवली!

माझ्या रक्ताचा नमुना परळला गेला. तिथे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. आपल्या या मुंबईचे रक्ताशी जुने नाते आहे बरे का! १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी इथल्याच रुग्णांत एक असा गट शोधून काढला, की ओ गटाचे रक्तही त्याला चालत नाही. त्याला जगभर 'बॉम्बे' गटच म्हणतात. शहराचे नाव बदलले, तरी रक्ताचे बदललेले नाही. पुढे १९७३ साली याच मुंबईत डॉ. बडकेरे, डॉ. जोशी, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक खूण शोधली. ती भारतीय लोकांत सापडली म्हणून तिचे नाव ठेवले 'इंडियन', थोडक्यात 'इन-ए'. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, तिची जोडीदार खूण 'इन-बी' हिचाही पत्ता लागला. माझा अहवाल आला त्यावर लिहिले होते: इन-ए आहे, इन-बी नाही, आणि इन-बीविरुद्ध प्रतिपिंडे आहेत.

"म्हणजे मी पक्की इंडियन!" मी म्हटले.

"तसं म्हणा," डॉक्टर हसून म्हणाल्या, "पण ही इन-ए खूण इराणी आणि अरब लोकांत आपल्यापेक्षा जास्त सापडते हं!"

तर या दोन्ही खुणा ज्या प्रथिनावर असतात, ते आमचे सीडी ४४. त्याची माहिती मी नंतर अंथरुणावर पडल्यापडल्या वाचली, डॉक्टरांना विचारली, आणि जसजशी कळत गेली तसतसे मला त्याचे नवलच वाटू लागले.

आपल्या शरीरातल्या पेशी नुसत्या एकीवर एक रचलेल्या नसतात. त्यांच्यामधल्या जागेत एक बुळबुळीत, काचेसारखा पारदर्शक पदार्थ असतो. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी गाईच्या डोळ्यातल्या रसातून तो प्रथम वेगळा काढला, आणि काचेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव ठेवले. आज हायल्युरॉनिक ॲसिड या नावाने तो घरोघर पोहोचला आहे. आमच्या कन्येच्या आरशापुढे त्याची एक एवढीशी बाटली असते, आणि तिची किंमत ऐकून मी एकदा खाली बसले होते. तोच पदार्थ देवाने सगळ्यांच्या अंगात फुकट भरून ठेवला आहे! सांध्यात आहे, कातडीत आहे, डोळ्यात आहे. हा पदार्थ पकडण्याचा पेशीचा हात म्हणजे सीडी ४४. १९९० साली ही गोष्ट स्पष्ट झाली.

पण हे प्रथिन म्हणजे नुसता हात नव्हे. त्याचे एक टोक पेशीच्या बाहेर असते, मधला भाग पेशीच्या पातळ आवरणातून आरपार जातो आणि दुसरे टोक आत असते. बाहेरचा हात धरतो. आतले टोक पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडले जाते, आणि बाहेर हाताला काय लागले याची वर्दी आत देते. अशा अनेक वर्द्या येतात, आणि त्यांवरून वाढायचे की थांबायचे, आहे तिथे राहायचे की पुढे सरकायचे, हे पेशीचे ठरते. धरणे आणि कळवणे, अशी दोन्ही कामे एकाच प्रथिनाकडे आहेत.

रोज लोकलने जाणाऱ्याला याचा उपयोग समजावून सांगायला नको. रक्त वेगाने वाहत असते, आणि त्याबरोबर पांढऱ्या पेशीही वाहत असतात. बोट कापले, तिथे सूज आली, की पांढऱ्या पेशींना नेमके तिथेच उतरायचे असते. मग त्या रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा हा काचरस सीडी ४४ ने पकडतात, घरंगळत घरंगळत वेग कमी करतात, आणि इतर प्रथिनांच्या मदतीने भिंतीतून बाहेर पडतात. दादरला उतरणारा माणूस माटुंग्यापासूनच दांडी धरून दाराशी सरकू लागतो, तसेच हे.

आणि सगळ्या चांगल्या गोष्टींचा होतो तसा याचाही गैरवापर होतो. १९९१ साली जर्मनीत कार्ल्सरूहे इथे संशोधकांनी उंदरांच्या, एरवी अंगभर न पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत या प्रथिनाचा एक वेगळा प्रकार घातला, आणि त्या पेशी पसरू लागल्या. २००३ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात असे दिसले, की स्तनाच्या कर्करोगातल्या ज्या थोड्या पेशी नवी गाठ उभी करू शकतात, त्यांच्या अंगावर सीडी ४४ असते. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, "काकू, प्रथिन सगळ्यांच्याच अंगात आहे. तुमच्यात फरक आहे तो एका अक्षराचा. त्यानं कुठलाही रोग होत नाही."

एका अक्षराचा फरक! शुद्धलेखन तपासण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिला हे पटायला वेळ लागला नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. सीडी ४४ च्या माळेत ४६ व्या जागी बहुतेक लोकांत आर्जिनिन नावाचा मणी असतो, ती इन-बी. काहींत तिथे प्रोलिन असतो, ती इन-ए. गंमत म्हणजे हा मणी काचरस पकडणाऱ्या हाताच्या अगदी महत्त्वाच्या जागी आहे असे वाटत होते. पण १९९६ साली तपासून पाहिले, तर मणी बदलला तरी हाताची पकड शाबूत! म्हणजे माझ्या पेशींचे या फरकावाचून काही अडत नव्हते. एकोणपन्नास वर्षे त्या हातात हात घालून सुखाने नांदत होत्या. फरक जाणवणार होता तो दुसऱ्याचे घ्यायची वेळ आली तेव्हाच.

आपल्याकडे शंभरात साधारण चौघांत इन-ए असते. पण त्यांतल्या बहुतेकांना ती आई किंवा बाप, एकाकडूनच मिळालेली असते आणि दुसऱ्याकडून इन-बी आलेली असते. दोन्हीकडून इन-ए आलेला माणूस हिशेबाने अडीच हजारांत एखादा. माझी आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. एकाच घराण्यातला मणी दोन वाटांनी फिरून माझ्यापाशी येणे त्यामुळे सोपे झाले.

आणि ती प्रतिपिंडे कुठून आली? डॉक्टरांनी विचारले, "बाळंतपणं किती?" मी म्हटले, "दोन." त्या म्हणाल्या, "मग तिथूनच." माझ्या दोन्ही मुलांना त्यांच्या वडिलांकडून इन-बी मिळाली. त्यांच्या रक्ताचे चार थेंब बाळंतपणात माझ्या रक्तात आले, आणि माझ्या अंगाने ही खूण परकी म्हणून कायमची ध्यानात ठेवली. मुले ठणठणीत जन्मली. पण आता तसे रक्त पिशवीतून आत आले, तर माझेच रक्त त्या पेशींवर तुटून पडणार. ज्यांना नऊ-नऊ महिने पोटात वाढवले, त्यांचेच रक्त मला वर्ज्य, आणि तेही त्यांना वाढवले म्हणूनच! घरी जाऊन हे मी चिरंजीवांना समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे मीच तुला बिघडवली." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आमच्यातला रुसवा त्या धपाट्याबरोबर गेला.

"सख्खी भावंडं किती?" हा डॉक्टरांचा पुढचा प्रश्न. कारण प्रत्येक सख्ख्या भावंडात माझ्यासारखेच दोन्ही मणी उतरलेले असण्याची शक्यता चारात एक.

भावंडे तीन. दादा पुण्याला, अक्का इंदूरला, आणि सगळ्यांत धाकटा बाळू बोरिवलीला. बोरिवली सगळ्यांत जवळ; पण माझ्या घरून ती सात वर्षे फार लांब पडली होती. वडिलांच्या माघारी गिरगावातली पागडीची खोली गेली, त्या पैशांवरून शब्दाने शब्द वाढला, आणि बोलणे थांबले. कोणाचे बरोबर होते तो विषय मी इथे काढत नाही. दिवाळी अंकात कुणी वाटणीपत्र छापत नाही. एवढेच सांगते, की नाते आम्ही तोडले नव्हते. लग्नाच्या पत्रिका जात होत्या, भाऊबीजेला पाकीट येत होते, त्यातली रक्कम दर वर्षी तेवढीच असे आणि चिठ्ठी नसे. धरून होतो आम्ही, कळवत नव्हतो.

दादाला आणि अक्काला मी लगेच फोन केले. बाळूचा नंबर काढून मी सोफ्यावर बसून राहिले. सात वर्षांनी बोलायचे, आणि मागायचे काय, तर रक्त! हे म्हणाले, "मी करू का?" मी म्हटले, "नको." फोन लागला. "बाळू, मी ताई बोलतेय. मला जरा..." पुढचे वाक्य मी मनात तीनदा पाठ केले होते. पण ते पुरे व्हायच्या आत तिकडून प्रश्न आला, "कुठं येऊ?"

अक्का अवंतिका एक्स्प्रेसने आली, दादा पुण्याहून आला, आणि आम्ही चौघे भावंडे खूप वर्षांनी एका बाकावर ओळीने बसलो, ते रक्तपेढीच्या बाहेर. चार दिवसांनी निकाल लागला. दादात दोन्हीकडून इन-बी. म्हणजे तो साफ नापास. अक्कात दोन्हीकडून इन-ए, तंतोतंत माझ्यासारखी, आणि गटही बी पॉझिटिव्ह. बाळूत एक ए, एक बी. म्हणजे त्याचेही रक्त मला चालणारे नव्हते. तो कागद हातात धरून तो क्षणभर उभा राहिला, आणि मग म्हणाला, "बघ ताई, इथंही वाटणी अर्धीच आली माझ्या वाट्याला!"

आधी अक्का हसली, मग दादा, मग मी. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आले, आणि बाळूने खिशातून रुमाल काढून पुढे केला. खोलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतर निघाला, दोनदा. पण तेव्हा आम्ही बोलत होतो.

लोहाची इंजेक्शने देऊन माझे हिमोग्लोबिन आधी अकरापर्यंत आणले. मग अक्काला वजनकाट्यावर उभे केले, तिचेही हिमोग्लोबिन पाहिले, आणि ते साडेबाराच्या वर निघाल्यावर तिच्या चेहऱ्यावर मॅट्रिक पास झाल्याचा आनंद दिसला. तिने एक पिशवी दिली. आणि इथे मला आणखी एक धक्का बसला. ती पिशवी मला तशीच देता येत नव्हती. आधी तिच्यावर किरण सोडावे लागले. डॉक्टर म्हणाल्या, "फार जवळच्या नात्याचं रक्त धोक्याचं असतं. परक्याच्या पांढऱ्या पेशी आल्या तर तुमचं शरीर ओळखतं आणि त्यांना संपवतं. सख्ख्या बहिणीच्या पेशी आपल्याच वाटून राहू दिल्या जातात, आणि कधी कधी त्याच आत ठाण मांडून घात करतात. म्हणून त्यांची वाढ आधीच थांबवायची." हे ऐकून वकिलीतला अनुभव असलेले दादा नुसते मान डोलावत राहिले.

शस्त्रक्रियेत ती पिशवी लागली. लागली नसती तर बरे, असे डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. पण लागली, आणि ती होती म्हणून मी आज हे लिहायला बसले आहे. साडेतीन तास बाहेर बाळू उभा होता, असे हे सांगतात. बसायला खुर्ची होती. पण तो बसला नाही. त्याचे रक्त माझ्या उपयोगी पडले नाही. त्याचे येणे मात्र पडले. चारात एक हा हिशेब फक्त रक्ताला लागू असतो.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला पाकीट आले नाही. बाळू आला.

आता माझ्या आणि अक्काच्या पाकिटात एकेक छोटे कार्ड असते. आमची नावे दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत आहेत. मला रक्त दिल्याला वर्ष होऊन गेले आहे आणि माझे हिमोग्लोबिनही आता चांगले आहे. त्यामुळे गरज पडली तर मलाही बोलावणे येईल. कुणाकडून येईल, सांगता येत नाही. तो माणूस भेंडीबाजारातला असेल, नाहीतर नागपूरचा, नाहीतर थेट इराणातून आलेला. त्याची जात, भाषा, देव यातले मला काही ठाऊक नसेल. त्याच्या सीडी ४४ च्या ४६ व्या जागी दोन्हीकडून प्रोलिन आलेले आहे, एवढेच मला कळेल. आणि ज्या रात्री त्याची मुले बाही वर करून हताश होऊन परततील, त्या रात्री त्याचे रक्ताचे नाते माझ्याशी असेल.

फोन उशाशी ठेवूनच झोपते मी हल्ली. आमचे हे कुरकुर करतात. पण नुसते धरून ठेवून भागत नाही, वर्दीही पोहोचावी लागते, हे आता त्यांनाही पटले आहे.